पालथी कढई

दोन हजार तेवीस साली मी त्र्याहत्तर वर्षांचा होतो आणि मला चहापलीकडे काही करता येत नव्हतं. त्याची लाज वाटण्याचं कारण नव्हतं. अंबरनाथच्या कारखान्यात बॉयलरवर उभं आयुष्य काढलं. आग कशी राखायची हे मला कुणी शिकवू नये. पण आगीवर भांडं ठेवण्याचं काम आधी आईने केलं, मग बायकोने, आणि बायको गेल्यावर सुनेने.

त्या वर्षी माघात माझा मुलगा गेला. एकुलता एक. सकाळी डबा घेऊन कामाला गेला, दुपारी छातीत कळ आली, आणि संध्याकाळी हेंद्रेपाड्याला आमच्या बिल्डिंगखाली गाडी येऊन उभी राहिली. याच्यापुढे मी त्याबद्दल लिहिणार नाही. तेवढं लिहिण्याइतका शिकलेलोही नाही.

घरात तिघं उरलो. मी, सून आणि सात वर्षांची नात. सून उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात शिलाईवर लागली. सकाळी जायची, अंधार पडताना यायची. तिच्या आईने, म्हणजे माझ्या विहिणीने, अंबरनाथहून निरोप धाडला की पोरीला आमच्याकडे ठेवा, शिवमंदिराजवळच शाळा आहे. मी म्हटलं, आजा जिवंत असताना पोर दुसऱ्याच्या दारी वाढणार नाही. बोललो तर बोललो. मग सांभाळणंही आलं आणि रांधणंही आलं.

आमच्यात एक रीत आहे. घरातलं माणूस गेलं की वर्षभर चुलीवर कढई चढत नाही. तळण बंद. पापडसुद्धा भाजून खायचा. कढई घासून माळ्यावर पालथी घालायची. सणावाराला शेजारी आणि भावकीतले आणून देतात ते खायचं, आपल्या घरातलं मात्र कुणाला द्यायचं नाही. वर्ष फिरलं की सुनेच्या माहेरचे तेल घेऊन येतात, घरचीच कढई सुलटी करून चुलीवर ठेवतात आणि पहिला घाणा काढतात. तिथपासून दुखवटा संपला. मग पुढची बोलणी करायला सगळे मोकळे.

मी स्वतः माळ्यावर चढून कढई पालथी घातली. बायकोची लोखंडी कढई, दोन कानांची. तेव्हा ते मला सोपं वाटलं होतं.

मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली आणि आंबा आला. नातीने वाटीभर रस पुढ्यात घेतला आणि विचारलं, "आबा, पुरी?"

"पुरी नाही बाय. यंदा कढई नाही."

"मग रस कशाबरोबर खायचा?"

"चपातीबरोबर खा."

"चपाती रोजची. आंबा रोजचा आहे का?"

माझीच नात. मी चप्पल घालून बाहेर पडलो. मांजर्लीला नदीच्या अंगाला एका जुन्या सोबत्याची थोडी केळी आहेत. तिथून पानं तोडून आणली. आई पानगी करायची, एवढं आठवत होतं. तांदळाचं पीठ, ताक, मीठ, चवीला गूळ. पानाला तुपाचा हात लावायचा, पीठ पसरायचं, वरून दुसरं पान झाकायचं आणि तव्यावर ठेवायचं. पहिली पानगी मी घाईने सोलली. अर्धी खालच्या पानाला, अर्धी वरच्या पानाला. नात हसून लोळली. "आबा, हे पुस्तक उघडलंत काय?" दुसऱ्या वेळी थांबलो. पान काळपट होऊन आपणहून सुटायला लागलं की पानगी झाली, ओढायची नाही. बॉयलरवरही तेच होतं. घाई केली की वाफ फुकट.

रसात बुडवून तिने त्या पानग्या खाल्ल्या आणि बोटं चाटत म्हणाली, "पुरीपेक्षा बरी." खोटं बोलत होती. पण मला चढायचा तेवढा जोर चढला.

त्यानंतर आम्हा दोघांचा तो धंदाच झाला. तिला काही खावंसं वाटायचं आणि मी ते कढईशिवाय कसं होईल याचा विचार करत बसायचो. आषाढात कांदाभजी मागितली. उल्हासनगरला भांड्यांच्या बाजारात गेलो आणि अप्पेपात्र आणलं. दुकानदार सिंधी, माझ्याच वयाचा. तो म्हणाला, "साईं, इसमें भजी? भजी के लिए कढाई ले जाओ ना, नई आई है."

"कढईचं नाव काढू नका. घरात दुखवटा आहे."

पात्र कागदात बांधताना तो म्हणाला, "तो फिर आँच धीमी रखना. और ढक देना."

आच मंद ठेवली. कांदा चिरून मिठात चुरून ठेवला, त्याच्याच पाण्यात बेसन, ओवा, कोथिंबीर. एकेका खळग्यात तेलाचा थेंब. बाहेरून खरपूस झाली, आतून मऊ. नातीने एक उचलून फिरवून पाहिलं. "ही भजी आहेत की लाडू?"

"भजीचे लाडू."

समोरच्या दारात राहणारी वहिनी वासाने आली. आमच्याच भावकीतली, पण बोलायला फटकळ. "भाऊ, हे तळण नाही होय?"

नातीने पात्र उचलून तिच्या तोंडापुढे धरलं. "काकू, याला कान आहेत का? कढईला कान असतात."

वहिनीला हसू आवरेना. न्यायनिवाडा तिथंच झाला.

नागपंचमीला मला खरं बरं वाटलं. त्या दिवशी सगळ्यांच्याच घरी तळण नसतं, चिरणं नसतं, तवा नसतो. उकडून खायचं. हळदीच्या पानावर पीठ थापलं, मध्ये गूळखोबरं, पान मुडपलं आणि पातोळ्या वाफेवर ठेवल्या. हळदीच्या पानाचा वास जिन्यापर्यंत गेला होता. सगळ्या बिल्डिंगीतून तोच वास येत होता. तेवढ्या एका दिवसापुरतं आमचं घर इतरांसारखं होतं. संध्याकाळी सून आली, दारातच उभी राहिली आणि वास घेत राहिली. मग पदराने तोंड पुसून आत आली. माझ्या मुलाला पातोळ्या फार आवडायच्या. तिने सांगितलं नाही, मीही विषय काढला नाही.

दिवाळीला मात्र माझी फजिती झाली. नातीला करंजी पाहिजे होती. उल्हासनगरला एक भट्टी आहे, तिथं आपलं सामान नेलं की नानकटाई भाजून देतात. मला वाटलं नानकटाई भाजते तर करंजी का नाही? सारण भरून, कातणीने कापून, डबाभर कच्च्या करंज्या घेऊन मी रिक्षाने गेलो. भट्टीवाल्याने कपाळाला हात लावला. मी हटलो नाही. तासाने ताट बाहेर आलं. निम्म्या फुटून सारण जळालेलं, उरलेल्या नदीतल्या गोट्यांसारख्या. आणल्या तशाच घरी. नातीने एक टेबलावर ठोकली, टकटक आवाज झाला. मग दात लावला.

"आबा, चहात बुडवली तर मस्त लागते."

आम्ही दिवाळीभर करंज्या चहात बुडवून खाल्ल्या. कुणी हसलं असतं तर मी भांडलो असतो.

त्याच दिवाळीत वहिनी फराळाचं ताट घेऊन आली. चकल्या, अनारसे, शेव. मी दार अडवलं. "नको."

"अहो, पोरीसाठी आणलंय."

"पोरीचा आजा मेलेला नाही."

"मग तोंड गोड ठेवा की जरा!" असं म्हणून ती माझ्या हाताखालून आत गेली आणि ताट ओट्यावर ठेवून निघूनही गेली. नातीने तोवर चकली मोडली होती. मग काय करणार? ताट रिकामं झालं. रिकामं ताट परत देणं मला जमत नाही आणि दुखवट्याच्या घरातून भरून देता येत नाही. म्हणून ते ताट आमच्याच मांडणीत राहिलं. वहिनी जिन्यात भेटली की टोचायची, "भाऊ, माझं ताट द्या की रिकामंच. त्याला काय सोनं लागलंय?"

"कढई चढली की भरून देईन."

"वाट बघते."

असं ते वर्ष चाललं होतं. मी खोटं कशाला सांगू, मला त्यात गोडी लागली होती. माझा मुलगा गेलेला होता आणि तरी सकाळी उठताना आज पोरीला काय करायचं हा विचार आधी यायचा. दुःख दुसरं यायचं. पाय जमिनीला लागला की मग यायचं.

पौषात वालाच्या शेंगा आल्या. म्हटलं पोपटी लावू. पोपटीला तर तेलही नको आणि पाणीही नको. बिल्डिंगीमागे अजून रिकामी जागा आहे, तिथं रविवारी दुपारी बसलो. सून घरी होती, तीही आली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घातला, त्यावर शेंगा, बटाटे, रताळी, अंडी, ओवा, मीठ. तोंडाशी पुन्हा पाला कोंबून मडकं पालथं घातलं आणि भोवती काटक्या रचल्या. जाळ माझ्याकडे होता. मडक्यावर पाण्याचा शिपका मारला, चर्र झालं, म्हणजे शिजली. मडकं फोडलं तशी वाफ तोंडावर आली आणि नात ओरडली, "आबा, तुम्ही दाढी भाजून घेतलीत!"

सून हसली. त्या वर्षात तिला मोठ्याने हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. हसता हसता तिच्या डोळ्यांना धार लागली. नात शेंगा घेऊन पोरांकडे पळाली तेव्हा ती म्हणाली, "बाबा, एक बोलायचं होतं."

"बोल."

"आईने एक ठिकाण बघितलंय. नाशिकचे आहेत. त्यांची बायको वारली. पोरीला आपली म्हणून सांभाळतील म्हणतात. एकदा भेटलेत, माणूस बरा वाटला." ती शेंग सोलत होती, पण दाणे तोंडात टाकत नव्हती. "मी अजून हो म्हटलेलं नाही. म्हटलं कढई चढू दे. त्याआधी या घरात ते बोलणं नको."

बत्तीस वर्षांची पोर. सकाळी जाते, अंधार पडताना येते, हाताच्या बोटांना सुयांची भोकं. तिला अशीच इथं बसून राहा म्हणायचा मला काय हक्क? हे सगळं मला त्याच क्षणी समजलं होतं. म्हणून कुणी असं समजू नये की म्हाताऱ्याला अक्कल नव्हती. अक्कल होती. पोर जाणार हे मात्र सहन होईना.

"शेंगा गार होतायत," एवढंच मी बोललो.

दुसऱ्या दिवशी सून कामाला गेली, नात शाळेत गेली, आणि मी माळ्यावर चढून कढई खाली काढली. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळली. आमच्या दिवाणाखाली मुलाच्या कपड्यांची बॅग होती. ती बॅग सून उघडत नसे, मीही उघडत नसे. त्या कपड्यांच्या तळाशी कढई ठेवली आणि चेन ओढली. घरची कढई नाही तर घाणा नाही. घाणा नाही तर बोलणी नाहीत. माझा हिशेब सरळ होता.

माघात वर्षश्राद्ध झालं. त्याच्या दुसऱ्या दिवशी विहीणबाई तेलाचा डबा आणि तांदळाच्या वड्यांचं पीठ घेऊन आल्या. पीठ घरूनच भिजवून आणलं होतं, फडक्याखाली. त्यांनी पदर खोचला, माळ्याकडे पाहिलं आणि माझ्याकडे वळल्या.

"व्याही, कढई कुठंय?"

"गंजली. भंगारवाल्याला दिली."

"लोखंडाची कढई गंजली म्हणून भंगारात? बॉयलरवाले ना तुम्ही?"

"दिली तर दिली."

"मग समोरची आणू."

"शेजारची चालत नाही. घरचीच लागते. रीत मला शिकवू नका."

"रीत! अहो, वर्षभर खळग्यांत भजी केलीत ती कुठल्या रीतीत बसली?"

सून ओट्याला टेकून उभी होती. "आई, राहू दे," ती म्हणाली. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तिला समजलं होतं. विहीणबाईंनाही समजलं असावं, कारण त्यांचा आवाज उतरला. "व्याही, माझी पण एकच पोर आहे हो," त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या.

मी खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो. मनात म्हटलं, आज टळलं. उद्याचं उद्या.

तेवढ्यात नात येऊन माझ्या कमरेला बिलगली. मला खाली वाकायला लावलं आणि कानात म्हणाली, "आबा, बाबांच्या बॅगेत आहे ना?"

मी दिवाणाकडे पाहिलं.

"मी कुणाला सांगितलं नाही," ती म्हणाली. "मी बाबांचा शर्ट काढते ना कधी कधी, वास घ्यायला. तेव्हा दिसली."

मी दुपारी डुलकी काढायचो तेव्हा ती ती बॅग उघडत होती आणि मला पत्ता नव्हता. मला वाटत होतं की पानग्या आणि भजी देऊन मी तिचं दुःख बाजूला ठेवलंय.

"आबा," तिने पुन्हा कान ओढला, "वडे फुगतात ना? मला फुगलेला पाहिजे."

वर्षभर तिने जे मागितलं ते मी या ना त्या वाटेने दिलं होतं. वडा उकडता येत नाही, पानात भाजता येत नाही आणि भट्टीतही होत नाही. तो कढईतच फुगतो.

मी दिवाणाखाली वाकलो. बॅग ओढून काढली आणि सगळ्यांसमोर चेन उघडली. वरचा शर्ट निळ्या चौकड्यांचा. तो नातीच्या हातात दिला. तळातून कढई काढली, कागद सोडला. विहीणबाई उठून हात पुढे करून आल्या.

"सरका," मी म्हटलं.

"घाणा माहेरच्यांनी काढायचा असतो."

"तेल तुमचं, पीठ तुमचं. घाणा मी काढणार. वर्षभर चूल मी सांभाळली आहे."

विहीणबाईंनी सुनेकडे पाहिलं. सून म्हणाली, "काढू दे त्यांना."

केळीचं पान होतंच. त्यावर पाण्याचा हात लावून वडा थापला. तेलात पिठाचा कण टाकला, तो लगेच वर आला. वडा सोडला, झाऱ्याने तेल उडवलं आणि तो टम्म फुगला. नात टाळ्या पिटत ओरडली, "फुगला! आई, फुगला!" शर्ट तिच्या काखेतच होता. पहिला वडा तिने फोडला तेव्हा आतली वाफ तिच्या नाकाला लागली, आणि चटका बसला तरी तिने तो सोडला नाही.

"कसा झालाय?"

तोंड भरलेलं होतं. तिने नुसती मान हलवली. वर्षभरात तिने माझ्या प्रत्येक पदार्थावर काहीतरी बोलून दाखवलं होतं. या वेळी काही बोललीच नाही, खात राहिली. तेव्हा मला समजलं की इतके दिवस ती माझी समजूत घालत होती.

संध्याकाळी त्या तिघी निघाल्या. अंबरनाथ इथून एकच स्टेशन. लग्न व्हायचं तेव्हा होईल, तोवर त्या दोघी माहेरी राहणार. सून पाया पडली. मी म्हटलं, "सुखी राहा पोरी. हो म्हण त्यांना." माझा आवाज चांगला निघाला. नातीच्या हातात मी अप्पेपात्र दिलं, कागदात बांधून.

"आबा, मग तुम्ही कशात करणार?"

"आता माझ्याकडे कढई आहे."

शर्ट ती घेऊन गेली. मी दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो. आज काय करायचं हा विचार सवयीने आला आणि दारातच अडकून राहिला. ओट्यावर कढई तशीच होती. तेल गाळून घेतलं, कढई राखेने घासली, कोरडी केली. स्टूल ओढून माळ्याला हात लावला आणि कढई पालथी घालणार, तेवढ्यात थांबलो. पालथी कढई गेलेल्यांसाठी असते. माझी नात जिवंत आहे, एका स्टेशनावर आहे, शाळेला जायला वेणी घालून घेत असेल. जित्या पोरीच्या नावाने मी कढई पालथी घालणार नाही. मग मी कितीही एकटा पडलो तरी.

खाली उतरलो. कढई सुलटी चुलीवर ठेवली. विहीणबाईंच्या पिठाचा गोळा फडक्याखाली उरला होता. वडे थापले, तळले. काही फुगले, काही नाही. मांडणीतून वहिनीचं ताट काढलं, पुसलं, त्यात वडे भरले आणि समोरच्या दाराची बेल वाजवली.